लेन्स चांगलीच होती

बाबा, तुमच्या लेन्समध्ये काहीही दोष नाही. सीताबर्डीच्या दुरुस्तीवाल्याने आज दुपारी ती साफ करून, माझ्यासमोर कॅमेऱ्याला लावून दाखवली. "मॅडम, एकदम कडक आहे. बुरशी नाही, ओरखडा नाही. समोर लावाच्या ह्या फिल्टरच्या काचेलेच कोणी तरी व्हॅसलिन फासून ठेवलं होतं, फोटो धूसर याले." फिल्टर लेन्सच्या डब्यातच, वेगळ्या पुडीत होता आणि पुडीवर तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाईसाठी'. आपल्या घरात बाई म्हणजे मी.

तुमच्या स्टुडिओत मी शाळेपासून बसायचे. पापण्या मोजता आल्या नाहीत तर तुम्ही प्रिंट फाडून टाकायचात. भिवापूरची ती मिरचीवाली आठवते? स्वतःचा फोटो पाहून ओरडलीच, "माही एक-एक सुरकुती काढली नं गा तुम्ही! पार म्हातारी करून टाकली मले." तुम्ही हसून म्हणालात, "सुरकुत्या तुमच्या, मी काहून मिटवू?" तिचा फोटो दुकानाच्या दर्शनी काचेत लागला. मला वाटायचं, माझ्या बापाला माणसाच्या चेहऱ्यात लपवण्यासारखं काही दिसतच नाही. जन्मतः दुभंगलेला माझा ओठ आणि त्यावरचा टाक्यांचा व्रण घेऊन मी त्याच भरवशावर गावभर ताठ मानेने हिंडले.

मग स्थळासाठी तुम्ही माझा फोटो काढलात. कामठीची मंडळी घरी आली आहेत. मुलाची आई एकदा फोटोकडे पाहते, एकदा माझ्याकडे. "फोटोत तं हे दिसलं नाही आम्हाले." तुम्ही खाली बघत म्हणता, "लेन्स जुनी झाली जी, सॉफ्ट मारून राहिली, फोटो पुसट येते." ते गेल्यावर मीच तुमची समजूत काढली, बाबा, लेन्स बदलून टाका. तुम्ही खरंच बदललीत, म्हणून तर माझा विश्वास बसला. चांगली लेन्स तीस वर्षं कपाटात पडून राहिली, कारण तुम्ही तिच्यावर आळ घेतला होता.

ते स्थळ गेल्याचं मला तेव्हाही दुःख नव्हतं. पण ओठ झाकायला तुम्ही माझे डोळेही पुसट केलेत. त्या फोटोत एकही पापणी मोजता येत नाही. मिरचीवालीला दिलात तो मान मला का नाही? मायेपोटी केलं असेल, असं घरात सगळे म्हणतील. असेल. मग तुम्ही मला आधी एकदा विचारायचं होतं.

तुम्ही गेलात, हे आता कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक कबूल करते. वर्तमानपत्रातल्या माझ्या सदरासोबत इतकी वर्षं तोच फोटो छापून येतो. वाचक भेटले की विचारतात, "मॅडम, फोटो कवाचा आहे?" ऑफिसने तीनदा नवा मागितला, तिन्ही वेळा मी कामाचं निमित्त सांगितलं. आता ऑफिसातल्या छायाचित्रकार मुलीने हट्टच धरला. जुन्या लेन्सचं तिला वेड, म्हणून तर तुमची लेन्स कपाटातून निघाली. संध्याकाळी लेन्स तिच्याकडे दिली. उद्या अकराला ती फोटो काढायला येणार आहे. आत्ताच तिचा मेसेज आला, "ताई, लेन्स खूपच शार्प आहे, चालते नं?"

'बाईसाठी' लिहिलेली ती फिल्टरची पुडी अजून माझ्याकडेच आहे.