पांढऱ्या पट्टीवर तुझं नाव

ति. स्व. चिऊमावशीस,

वाकून नमस्कार (कालपासून पोटऱ्या धरल्यात, म्हणून अर्धाच वाकलो, उरलेला भेटीत). तब्येत कशी आहे हे मी दर पत्रात सवयीने विचारतो. आज उत्तर हवं म्हणून विचारतोय. ती छातीतली गाठ अजून आहे ना, आणि डॉक्टरांनी चिठ्ठी देऊनही तू अजून मोठ्या दवाखान्यात दाखवायला गेली नाहीस ना? आईने सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, घरात ते खातं माझ्याकडे आहे.

काल बायकांच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला मदत म्हणून पाच किलोमीटरचा वॉक होता. मी काही समाजसेवेला गेलो नव्हतो. औषधाच्या दुकानातली ती (जिच्याकडून मी खोकला नसताना खोकल्याच्या गोळ्यांची चाळीस पाकिटं घेतलीत) तिथे पट्ट्या वाटणार होती. कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाला पहाटे साडेपाचला उठवायला दुसरं काय लागतं. पद्धत अशी, की ज्या बाईसाठी चालायचं तिचं नाव कापडी पट्टीवर लिहून पाठीला लावायचं. बाई हयात असेल तर पिवळी पट्टी, गेली असेल तर पांढरी. हे एक मिशाळ गृहस्थ मला समजावत होते, पण माझं लक्ष तिच्याकडे. "तुमची रांग कुठली" असं त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्यांच्यावर खेकसलो. ती पांढऱ्या वाटत होती. मी पांढरी घेतली आणि चिऊमावशी असं लिहिलं. तिने ते वाचलं आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. पिन तिने फार जपून लावली. पांढरी म्हणजे गेलेली, हे मला तेव्हाच कळलं होतं, मावशी. पण तेवढ्या नजरेपायी मी तुला मरू दिलं.

पांढऱ्या पट्टीवाल्यांनी सगळ्यांच्या मागे राहायचं, आणि पहिला किलोमीटर अवाक्षर बोलायचं नाही. धुकं इतकं, की पुढच्याची नुसती पट्टी दिसायची, माणूस नाही. रस्त्याने बायकांची नावं चालली होती. बुटांचा आवाज तेवढा. माझी पट्टी हळूहळू जड होत गेली (घामाने असेल). किलोमीटर संपल्यावर शेजारून चालणाऱ्या बाईंनी (शिवणकाम करतात) हळूच विचारलं, "दाखवायला उशीर झाला का?" मी मान हलवली. "दुखत तर नाही ना, म्हणत असतील." तू हेच म्हणतेस. पलीकडचा बस ड्रायव्हर समोर बघतच बोलला, "आमची म्हणायची, घराचा रंग होऊन जाऊ दे." तू आईला हेच कळवलंयस. मागून कुणीतरी म्हणालं, "डॉक्टरांची चिठ्ठी घड्याळामागे सापडली. नंतर." तुझी चिठ्ठी कुठे आहे गं? मी कुणाला एक शब्द सांगितला नव्हता. धुक्यातून तुझीच वाक्यं येत होती, निरनिराळ्या आवाजांत, आणि ती आधी ज्या बायका बोलून गेल्या त्या सगळ्या आता पाठींवरच्या पट्ट्यांवर होत्या.

शेवटी मैदानात पांढरी नावं माइकवरून वाचली. प्रत्येक नावाला सगळ्यांनी एक पाऊल मागे सरायचं, तिला जागा म्हणून. चिऊमावशी हे नाव आलं. दोनशे माणसं मागे सरली आणि माझ्यापुढे बरोबर तुझ्याएवढी जागा मोकळी झाली. माझं डोकं सटकलं. ओरडलो, की ती जिवंत आहे, नाव काढा. कुणीही रागावलं नाही. मिशाळ गृहस्थांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पहिलं वर्षभर मलाही असंच वाटायचं."

तुझा तापट भाचा

ता. क. – गुरुवारी सकाळी साडेनऊची वेळ घेतली आहे, तुझ्या नावाने. औषधवालीला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, मावशीला तपासून आणा, मगच माझ्याशी बोला. तेव्हा माझं लग्न आता तुझ्या हातात आहे.

ता. क. २ – वेळ घेतलीय हे खरं, तिचं वरचं बोलणं खोटं. ती एवढंच म्हणाली, की गोळ्या यापुढे दुसरीकडून घ्या. माझ्यासाठी म्हटलं तर तू पायात चप्पल सरकवून निघशील, म्हणून तसं लिहिलं. पण तुझ्या नावावर आणखी एक खोटं मला पेलत नाही. नऊला रिक्षा घेऊन दारात उभा असेन. स्वतःसाठी ये. नाहीच जमलं तर माझ्यासाठी ये, मी भांडणार नाही.