दोनशे बारा जणांना म्यूट केलं

१९ मार्च २०२०
नानामामांचं पाचोडचं विनोदी व्याख्यान रद्द. सहा वर्षं त्यांच्यासोबत माईक, स्पीकर, साउंडचा मिक्सर घेऊन गावोगाव फिरतेय, असं कधी झालं नव्हतं. पुढच्या बावीस तारखा शाबूत आहेत. काळजीचं कारण नाही.

२५ मार्च
लॉकडाउन. एकवीस दिवस, मोजून. केबलींना लेबलं लावली. १५ एप्रिलला गाडी भरायची.

१६ एप्रिल
गाडी भरली नाही. लेबलं बदलली.

२ जून
तारखा शून्य. पडेगावहून सारजामामीचा फोन. म्हणाली, अगं, मामा तुझे जेवताना मीठसुदिक मागत नायत, बोटानं दाखवतेत. अडचण तांत्रिक आहे. ऑनलाइन व्याख्यान घेणार.

१४ जून, संध्याकाळी ६.४०
झालं. श्रोते २१२. कुणाकडे कुकर, कुणाकडे कुत्रं. सगळ्यांना म्यूट केलं. इतका स्वच्छ आवाज सहा वर्षांत मिळाला नव्हता. मामा पहिला विनोद सांगून थांबले. मग तोच परत सांगितला. मग समजावून सांगितला. तेराव्या मिनिटाला हात जोडून उठले. वेळेचं नियोजन त्यांनी सुधारायला हवं.

१५ जून
मामा म्हणाले, माझ्यातलं संपलं पोरी, सामान विकून टाक. मी म्हणाले, माईक बदलून बघू. मामी म्हणाली, आधी डोकं बदलून बघ.

३० ऑगस्ट
जुन्या रेकॉर्डिंगमधून हशा कापून काढला. ४७ नमुने: लहान, मध्यम, मोठा. मामांपुढं वाजवले. दुसऱ्या नमुन्यालाच म्हणाले, हा तर कडूबा, पाचोडला पहिल्या रांगेत बसायचा, मागच्या आठवड्यात कोरोनानं गेला. उठून आत गेले.
नमुना दोन वगळला.

७ एप्रिल २०२१
मामांना लस. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. वीस खुर्च्या, वीस घाबरलेली माणसं. शेजारची चतुराबाई म्हणाली, मला काय झालं तर माझ्या म्हशीला कोण बघंल? मामा म्हणाले, मावशी, तिलाबी टोचून आणा, दोघी शेजारीशेजारी बसा. आधी चतुराबाईच हसली, मग सगळे. मामा बोलायला उभे राहिले. दहा महिन्यांनी!
पळत जाऊन गाडीतून बॅटरीचा स्पीकर आणला, माईक पुढं केला. मामांनी तो हातानं बाजूला सारला. म्हणाले, बंद कर ते पोरी, माणसं ऐकू येईनात मला.
बंद केला. शेवटच्या खुर्चीमागं जाऊन तपासलं. शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.