चौथा डबा

प्रिय बाबा,

जय भीम. मी मजेत आहे असं लिहिणार नाही, कारण चार दिवसांपासून माझं डोकं गरम आहे. फोनवर बोललो असतो, पण माझा आवाज चढला का तुम्ही हव हव म्हणून फोन आईजवळ देता. म्हणून कागद.

आपल्या मोनालीनं व्हिडिओ पाठवला. इथं सुरतेत एका बिल्डिंगच्या बाराव्या माळ्यावर लिफ्टच्या तारा जोडून राहिलो होतो, तिथंच पाहिला. गुढियारीतलं आपलं आंगण, आईच्या कोथिंबिरीतून गेलेले रूळ, अन् तुम्ही नवा शर्ट घालून उभे. आपली खेळण्यातली गाडी जामाच्या झाडाला वळसा घालून परत आली, रूळ बदलायचा कांटा आपोआप सरकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी विचारलं, किसने बनाया. तुम्ही मोठ्याबाबांच्या अभिनवच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणालात, "हमारा भतीजा है, इंजिनिअर. सब इसीने किया." अभिनव नुसता हसला. नाही म्हणायला किती वेळ लागते, बाबा?

पत्र्याचं इंजिन अन् तीन डबे तुम्ही केले, ते मी कधी नाकारलं नाही. पण तीस वर्षं रेल्वेच्या यार्डात कांटे ओढून तुमचा खांदा गेला, अन् रिटायर झाल्यावर या गाडीचे कांटे बदलायलाही तुम्ही दर फेरीले वाकायचे, मग संध्याकाळी आईकडून शेकून घ्यायचे. ते पाहून मी मागच्या उन्हाळ्यातली सारी सुट्टी आंगणात घातली. भंगारवाल्याकडून कारच्या दरवाज्याच्या लॉकच्या मोटरी आणल्या अन् कांट्यांना बसवल्या. इंजिनाखाली चुंबक लावलं, रुळात चुंबकावर चालणारे स्विच, म्हणजे गाडी जवळ आली का कांटा आपोआप सरकते. पाठीचं कातडं सोललं उन्हानं. तेव्हा अभिनव समता कॉलोनीतून दोनदा आला, दोन्ही वेळा चहा पिऊन गेला. कपात बिस्किट बुडवण्यापलीकडं त्यानं काही केलं असेल तर सांगा.

मी आठवीत शाळा सोडली हे तुम्ही पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी सांगता. अशा पोट्ट्याच्या हातून हे होऊच शकत नाही असं तुम्हाला वाटते, का झालं ते सांगायची लाज वाटते? मले समजत नाही. दोन्हीत चीड येते.

अन् काल तुमचाच फोन. गाडी वळणावर बंद पडते, तू लावलेल्या करंटच्या डबीतून टकटक आवाज येते, काय करू. मी म्हटलं, तुमच्या इंजिनिअरले विचारा, अन् फोन ठेवला. कारण तर तुम्ही बोलता बोलताच मले समजलं होतं. गाडी वळसा घेऊन त्याच रुळावर परत येते तेव्हा उजवा रूळ डाव्याले भिडते, प्लस-मायनस एक होऊन शॉर्ट होते. म्हणून मी वळणाचे रूळ दोन्ही टोकांना कापले अन् कापात प्लास्टिकचे तुकडे घातले. पूर्ण गाडी त्या भागात आली का ती डबी बाहेरच्या रुळाचा करंट उलटा करते. तो भाग तीन डब्यांपुरताच आहे. अन् मोनाली सांगते, व्हिडिओनंतर अभिनवनं स्वतःच्या कॉलेजचं नाव लिहिलेला चौथा डबा मागं जोडला. करंट उलटतो तेव्हा तो डबा कापावरच असते, त्याची लोखंडी चाकं दोन्हीकडचे रूळ जोडून टाकतात. त्याले प्लास्टिकची चाकं बसवा, गाडी चालेल. अर्ध्या तासाचं काम आहे.

हे मी सांगणार नव्हतो. पण मोनालीनं आणखी एक सांगितलं, जे तुम्ही माझ्यापासून लपवलं. नवा रायपूरला बगीच्यात मुलांसाठी अशी गाडी बसवून राहिलेले ते भैया येत्या रविवारी आपल्याकडं येऊन राहिले आहेत, अन् बनवणाऱ्याले कायमचं कामावर घेणार आहेत. अभिनवले नोकरी आहे, तरी तो हो म्हणून बसला. मले घरी यायचं आहे, बाबा. सुरतेत तीन वर्षं झाली. हे पत्र स्पीडपोस्टनं टाकतो, शुक्रवारी पोचेल. आता तुम्ही ठरवा. अभिनवले वाचून दाखवलं तर रविवारी गाडी त्याच्या नावावर मस्त चालेल, मी भांडायला येणार नाही, फक्त तुमचा फोन उचलणार नाही. नाहीतर त्या भैयांसमोर गाडी वळणावर बंद पडू द्या, हे पत्र त्यांच्या हातात ठेवा, अन् मग चाकं बदला.

तुमचाच पोट्टा,
लोकेश