पाच वाजून चार मिनिटं

३ सप्टेंबर
अकरा मिनिटं! घड्याळ समोर ठेवून मोजली.

रोज संध्याकाळी पाचला मी हॅम रेडिओवर हजेरी घेते. किनाऱ्यावरचे आम्ही बारा जण. प्रत्येकाने नाव, वारा, पाणी, बॅटरी सांगायची, की पुढचा. वादळात फोन मेले की आम्हीच उरतो, म्हणून हा रोजचा सराव. सगळ्यांना कळतं. चौथ्या नंबरच्या गदाधर मउसांना, आम्हा सगळ्यांच्या या काकांना, तेवढं कळत नाही. वाऱ्यावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून सुनेने केलेल्या खेकड्यांवर. मध्ये बटण सोडून श्वास घेतात, तेवढ्यात मी तीनदा म्हटलं, मउसा, आवरा. ढिम्म! परत गुडघा.

७ सप्टेंबर
आज नऊ मिनिटं. भद्रकचा बिभूती आमच्या बारा जणांतलाच, मला अपा, म्हणजे ताई, म्हणतो. त्याने मागाहून फोन केला. म्हणाला, "अपा, त्यांना यादीतून काढा. खऱ्या वादळात हे असेच बोलत बसले, तर बोटीवरची माणसं बुडतील आणि आपण खेकडे ऐकत असू." तोंडाचा फाटका आहे, पण खोटं काय बोलला?

घरात वेगळीच कटकट. यांनी गच्चीवर उडदाच्या बड्या, म्हणजे सांडगे, वाळत घातल्यात, नेमक्या माझ्या अँटेनाच्या तारेखाली. तारेवर कावळे बसतात आणि खाली प्रसाद पडतो. तार हलवावी असं यांचं मत. बड्या हलवाव्यात असं माझं. कावळ्यांना दोन्ही चालेल.

१२ सप्टेंबर
घसा बसलाय, म्हणून हजेरी बिभूतीने घेतली. मउसा चौदा मिनिटं बोलले आणि शेवटी म्हणाले, "कुमुदिनी, आज तुझा आवाज किती स्वच्छ येतोय!"

बिभूतीचा आवाज म्हणजे फुटका नगारा. म्हणजे मउसा मला टोमणे मारतात? तारघरात माझे साहेब होते म्हणून काय झालं?

१८ सप्टेंबर
शेवटी पत्र लिहिलं. 'सेवेच्या हितासाठी आपलं नाव यादीतून कमी करत आहोत.' चार वेळा फाडलं, पाचव्यांदा जमलं.

पोस्टाने धाडणं बरं दिसणार नाही. मला तारेची कडकट्ट, म्हणजे मोर्सची लिपी, शिकवली ती त्यांनीच. एकोणीस वर्षांची होते, बोटं लाकडी होती. कधी ओरडले नाहीत. पत्र हातात हात घेऊनच द्यायचं. हेही येतायत. मला आधार म्हणून, असं सांगतात. खेकड्यांसाठी येतायत.

२० सप्टेंबर
बस, होडी, मग बांधावरून चिखल. पोचलो तेव्हा पाचला पाच कमी. आजची हजेरी बिभूतीकडे. सून मिनतीने दार उघडलं. मउसा यंत्रापुढे पाठमोरे. मी हाक मारली. मिनती म्हणाली, हाक मारून काय उपयोग, खांद्याला हात लावा.

मी लावला नाही. बघत उभी राहिले. मउसांची नजर घड्याळावर. पाच वाजून चार मिनिटांनी त्यांनी माइक उचलला. वारा, पाणी, गुडघा. श्वास घ्यायला बटण सोडलं, तसा बिभूतीचा आवाज खोलीभर दणाणला, मउसा पुरे करा! खिडकीतली चिमणी उडाली. मउसांनी शांतपणे चहाचा घोट घेतला आणि खेकड्यांवर आले.

दोन वर्षं झाली म्हणे. काहीच ऐकू येत नाही. मिनतीला वाटलं, आम्हाला माहीत आहे. आणि मी दोन वर्षं या माणसाशी भांडत होते!

मला बघून मउसा चोरी पकडल्यासारखे हसले. एवढंच म्हणाले, "पाच वाजता कुणीतरी माझं नाव घेतं, कुमुदिनी. ऐकू आलं नाही तरी घेतलं जातं ना? तेवढं काढू नकोस."

पत्र पिशवीतच राहू दिलं. जेवताना मी भात नुसता चिवडला. यांनी पाच खेकडे खाल्ले.

२१ सप्टेंबर
पत्र पिशवीत नाही!

यांना विचारलं. मिनतीला बड्या द्यायच्या होत्या म्हणे, कशात बांधणार, पिशवीत कागद दिसला. सदतीस वर्षं संसार केला. आज पहिल्यांदा हातातला झारा फेकला. लागला नाही.

२२ सप्टेंबर
पाच वाजून चार मिनिटं. मउसा नाहीत. पाचव्याला बोलावलं.

२५ सप्टेंबर
आजही नाहीत. हजेरी सात मिनिटांत संपली. बिभूती म्हणाला, किती शांत वाटतं. मग स्वतःच म्हणाला, नाही आवडत, अपा.

मिनतीला फोन केला. पत्र वाचलं त्यांनी. घडी करून पंचांगात ठेवलं. पाचला यंत्रापुढे बसतात, माइकला हात लावत नाहीत. बड्या खारट होत्या म्हणाले.

२६ सप्टेंबर
माळ्यावरून तार ठोकायची जुनी किल्ली काढली. यांनीच रॉकेलने पुसून दिली, न सांगता. मिनतीला सांगितलं, पाच वाजून चार मिनिटांनी त्यांचा तळवा स्पीकरवर दाबून धर.

नाव ठोकलं त्यांचं. बोटं परत लाकडी. ग-दा-ध-र. थांबले. परत ठोकलं. काही नाही. तिसऱ्यांदा ठोकलं, तेव्हा तिकडून त्यांचीही किल्ली वाजली. भरभर, जुन्याच हाताने. 'वारा पूर्व. पाणी दोन हात. बॅटरी पूर्ण. तुझा ध अजून कच्चा. संपलं.'

चाळीस सेकंद! मी टेबलावर डोकं ठेवून रडले. यांनी चहा केला. तोही खारट.

९ ऑक्टोबर
सगळ्यांना कडकट्ट शिकायचं खूळ लागलंय. मउसा पाचनंतर शिकवणी घेतात. बिभूतीने आज 'वारा दक्षिण' ठोकायला सहा मिनिटं लावली. कुणी आवर म्हणालं नाही.

२४ ऑक्टोबर
वादळ. दुपारीच वीज गेली, फोनही गेले. पाचला माइक उचलला, तर खरखरीशिवाय काही नाही. माझा आवाजही कुणाला पोचेना. मग त्या खरखरीतून बारीक कडकट्ट आली. हजेरी मउसा घेतायत. समुद्र बांधाला लागल्याचं त्यांनीच आधी कळवलं. बोटी परत आल्या. चौथं नाव माझं. मी वारा सांगितला, पाणी, बॅटरी. मग छताचा पत्रा, मग यांच्या बड्या, हात थांबेचना. तिकडून तीनदा आलं — 'कुमुदिनी, आवर.'