बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, पूर्वी कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला व नंतर कापणीला, गेल्या वर्षीपासून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. रक्तदाब सोडल्यास माझ्यावर कोणताही दबाव नाही. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. घरात यावर दोन मतं आहेत, ती जोडलेली नाहीत. याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागाच्या भरात केलं होतं. हेही रागातच करते आहे, पण या वेळी माहिती पूर्ण आहे.

१. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या नावावर आहे. माझे पती हयात असेपर्यंत त्यांनी तिथे राहावं. त्यांना कोणीही, म्हणजे आमच्या चिरंजीवाने, 'बाबा, आमच्याकडे चला' म्हणून उचलून नेऊ नये. त्यांच्यानंतर घर मुलगा आणि मुलीला निम्मं निम्मं. पतींबद्दल बाकीचं कलम पाचमध्ये आहे. त्यांनी आधीच तिकडे उडी मारू नये.

२. बँकेत असेल ते दोन्ही मुलांना सारखं. त्यावरून भांडायचं असेल तर रविवार संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर भांडून घ्यावं.

३. कापड कापायची मोठी कातर मुलीला. कारखान्यात कापणीचं यंत्र आलं तेव्हा मी आठ महिने त्याला हात लावला नाही. त्याने कापड वाया जातं असं सांगत फिरले आणि एकदा त्याची माहितीपुस्तिका चिंध्यांच्या पोत्यात टाकून दिली. ती सापडली. यंत्र माझ्यापेक्षा कमी कापड वाया घालवत होतं, आणि ते वापरायला लागल्यावर माझ्या मनगटाची सूज वर्षभरात उतरली. कारखान्यात मला 'पाचर' म्हणत, ते त्या आठ महिन्यांत अगदी शोभलं. मुलगी हल्ली तिच्या ऑफिसात प्रत्येक नव्या गोष्टीला नकार देते आणि वर सांगते, 'मी आईवर गेलेय.' बाई गं, आधी नीट बघ आणि मग नाही म्हण. कारखान्याच्या दारावरच्या कुलपाला (ते कलम चारमध्ये आहे) मी नाही म्हटलं ते बघून म्हटलं होतं. यंत्राला न बघताच म्हटलं.

४. शिवणयंत्राचा लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर माझ्या धाकट्या जावेला. आधीच्या मृत्युपत्रात मी तिला कळवूही नये असं लिहिलं होतं, म्हणून खुलासा करणं भाग आहे.

आमच्या शिवणखात्यात चाळीस बायका बसत. कामाची पाळी सुरू झाली की दाराला बाहेरून कुलूप लागे, कोणी मध्येच उठून जाऊ नये म्हणून. किल्ली कारकुनाच्या खिशात. एका दुपारी इस्त्रीच्या टेबलावर कापड पेटलं. खोली धुराने भरली आणि कारकून चहाला गेलेला. अकरा मिनिटं आम्ही दार बडवत होतो. आग शेवटी आम्हीच पिण्याच्या पाण्याने विझवली. मॅनेजर आले, किती कापड जळलं ते विचारलं आणि जाताना कुलूप पुन्हा लावायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी दाराकडे नीट पाहिलं. कुलूप बाहेर होतं, पण बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या. मी स्क्रू काढले. दार भलत्याच बाजूने उघडलं आणि कुलपावर लटकत राहिलं. सुताराने ते परत बसवलं, मी परत काढलं. असं चार वेळा झालं. पाचव्या दिवशी मला निलंबित केलं. दार हिनेच काढलं अशी साक्ष लिहून दिली ती माझ्या जावेने. तिला त्या कामावर मीच चिकटवलं होतं. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलले नाही. बावीस वर्षं.

सहा आठवड्यांनी पत्र आलं, रुजू व्हा. गेले तर कुलूप नव्हतं. मी समजले, कंपनी माझ्यापुढे नमली. ही हकिगत मी मुलांना, शेजाऱ्यांना, दाताच्या डॉक्टरांनासुद्धा ऐकवली आहे.

गेल्या वर्षी निवृत्त होताना माझी फाइल हातात मिळाली. तीत माझ्या नावचा माफीनामा निघाला. 'माझी चूक झाली, यापुढे दाराला हात लावणार नाही.' खाली माझी सही. मी असलं काही लिहिलेलं नव्हतं. आणि मी माफी मागितली असेल, तर कुलूप गेलं कशामुळे? घरी न जाता मी तडक जावेकडे गेले. ती कपडे वाळत घालत होती. 'या,' म्हणाली, जशी काही मी कालच येऊन गेले होते.

'मी नसताना कुलूप कोणी काढायला लावलं?'

'आम्हीच. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी स्क्रू काढले. मग दुसरीने, मग तिसरीने. रोज वेगळी. कोणी काढले म्हणून विचारलं की सगळ्या मान खाली घालून शिवत बसायच्या. चाळीसच्या चाळीस जणींना घरी कसं बसवणार? शेवटी सुतारच यायचा बंद झाला.'

'मग माझ्याविरुद्ध लिहून का दिलंस?'

'घाबरले होते, ताई. लिहून दिलं आणि लाज वाटली. म्हणून तर पहिली मी उठले.'

'हे मला सांगितलं का नाहीस?'

'तुम्ही माझ्याशी बोलत कुठे होतात?'

मी उरलेले कपडे तिच्याबरोबर वाळत घातले.

५. आता माझे पती. त्या सहीतल्या शेवटच्या वेलांटीला एवढी लांब शेपटी काढणारा माणूस जगात एकच आहे. संध्याकाळी मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा शोधला, सबंध वाचला.

'हे तुम्ही लिहिलंत?'

'हो.'

'मला न विचारता?'

'विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.'

'म्हणजे ठाऊक होतं.'

'माझी नोकरी गेली होती. मुलांची शाळा तोंडावर आली होती. आणि तू दिवसभर भिंतीकडे बघत बसायचीस. मला ते बघवेना.'

मी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी सोडला, कारण अबोल्याने माझं काय झालं ते नुकतंच कळलं होतं. राग मात्र गेलेला नाही. तो मी कोणालाही देत नाही, बरोबर नेते. त्या माफीनाम्यावर मी लाल शाईने 'हे मी लिहिलेलं नाही' असं लिहिलं आहे. तो कारखान्याला परत पाठवावा. पाकिटावरचा पत्ता पतींनीच स्वतःच्या अक्षरात घालावा.

६. मी गेल्यावर माझ्याबद्दल बोलायला कोणी उभं राहिलं, तर 'तिने एकटीने कंपनी नमवली' असं म्हणू नये. मी दार चारदा काढलं आणि घरी बसले. नंतरचे सहा आठवडे जाऊ सांगेल. ती एकदा सुरू झाली की थांबत नाही. थांबवू नये.

हे सर्व मी वाचून पाहिलं आहे. पतींना साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष देऊ नये असं वकिलांनी सांगितल्यावर ते आत जाऊन बसले. मघाशी तिथूनच विचारत होते, 'माझं नाव कुठे कुठे आलंय?' मी सांगितलं, 'सगळीकडे.'

दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही केली, माझ्या देखत त्यांनी.

सही: (केली)

साक्षीदार: १. आमच्या डॉक्टरबाई (सही)
२. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर (सही)

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: शनिवार, १४ सप्टेंबर २०१९