तारामतीच्या लग्नाची पुकार

बेंबळी, जिल्हा उस्मानाबाद
ज्येष्ठ महिना, सन १९४४

ईट मुक्कामी आमचे थोरले दाजी यांच्या पायांवर धाकटा मेहुणा लिंबाजी मास्तर याचं डोकं, आणि आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर येशू-मरियमेची सावली असावी. इकडं सगळे खुशाल. तुमचे गुडघे कसे आहेत? अक्काचा राग कसा आहे? दोन्हींना पावसाळी हवा मानवत नाही म्हणून विचारलं.

आता लग्नाचं. तुमच्या बलभीमाला माझी तारामती द्यायची, हे पोरगी पाळण्यात होती तेव्हाच अक्कानं ठरवलं. मामाची पोरगी भाच्यानं करावी ही आपली वाडवडिलांची रीत. बाप्तिस्मा घेतला म्हणून रीत काय पाण्यात वाहून गेली? पण चर्च म्हणतं, सख्ख्या मामा-आत्याच्या पोरांचं लग्न चालत नाही, बिशपसाहेबांची खास मंजुरी लागते. (हे मीच दर रविवारी लोकांना शिकवतो. मिशन मला शिकवायचा पगार देतं, पटायचा नाही.) आणि मंजुरीचं म्हणाल तर तहसिलीतल्या दरख्वास्तीची गत, जबाब येईस्तोवर नवरी म्हातारी व्हायची. म्हणून फादर दौऱ्यावर आले तेव्हा मी एवढंच सांगितलं, की मुलगा ईटचा, चांगल्या ख्रिस्ती घरातला, शुक्रवारी मटणाला शिवत नाही. (शेवटचं खोटं, पण तुमच्या घराण्याच्या अब्रूसाठी.) मुलगा आमचा कोण, हे त्यांनी विचारलं नाही, मी काढलं नाही.

रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाल्यावर फादरनी पुकार केली. या दोघांच्या लग्नाबद्दल कुणाला काही ठाऊक असेल तर देवाला स्मरून सांगा, म्हणाले. अशा वेळी सगळ्यांनी गप बसायचं असतं. पण दाजी, आपली माणसं. सोयरीक निघाली आणि कुणी दोन चांगले शब्द टाकले नाहीत, तर पोरीच्या बापाला काय वाटेल? या मायेनं विठाबाई चुलती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "फादरबाबा, काय बी काळजी करू नगा. पोरगा परका न्हाय, पोरीच्या सख्ख्या आत्याचा हाय." मी खोकलो. तिला वाटलं मला गहिवरून आलं, म्हणून तिनं आणखी जोर लावला, की हिचा बाप अन् त्याची माय एका आईच्या दुधावर वाढल्यात. मग घंटा वाजवणारा सिदू तरी कशाला मागं राहतोय? त्यानं सांगितलं, पोरीची आई बी पोराच्या बापाची चुलत बहीण, म्हंजी सोयरीक दोन्हीकडून घट्ट. मंडळी खुशीत माना डोलवत होती. फादर बोटांवर नाती मोजत होते. आधीच गोरा माणूस, आणखी पांढरा पडला.

पुढं मला बाजूला घेतलं. मीही तोंड सोडलं. आदमच्या पोरांनी कुणाशी लग्नं लावली, ते तरी सांगा, म्हणालो. ते म्हणाले, मास्तर, हा प्रश्न वर्गात काढू नका. पण मनाई ती मनाई. अक्काला सांगा, भावानं जिवाचं रान केलं, पण चर्चपुढं कुणाचं चालतंय? तिनं फादरला पोटभर शिव्या द्याव्यात, मला मात्र बोल लावू नये.

आपला आणि चर्चचा, जमेल तेवढा आज्ञाधारक,
लिंबाजी

ता. क. सहीपर्यंतचं अक्काला वाचून दाखवा. इथून खालचं फक्त तुम्हाला. त्या भांडणात शेवटी फादर विरघळले होते. मंजुरीसाठी मीच बिशपसाहेबांना लिहितो, मिळून जाईल, म्हणाले. फक्त त्याआधी चर्चचा आणखी एक नियम, पोरीनं स्वतःच्या तोंडानं हो म्हणायला हवं. मी हसलो. आपल्यात असं कुणी कधी विचारलंय? त्यांनी तारामतीला बोलावून माझ्यादेखत विचारलं. ती नाही म्हणाली. म्हणाली, बलभीमदादानं मला कडेवर खेळवलं, मला तो दादाच हाय. दाजी, माझी लेक, आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. घरी येताना ती पुढं चालत होती, मला मागून हाक मारवेना.

तेव्हा चर्चची आज्ञा पाळलेलीच बरी, असं माझं आता ठाम मत झालं आहे. बिशपसाहेबांना लिहू नका, असं फादरना सांगितलं. अक्काला खरं कळलं तर ती माहेरी पाय ठेवायची नाही, आणि आई गेल्यापासून तीच माझी आई. सगळं फादरवर ढकलू का, म्हणून त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, खोट्याला माझी परवानगी नाही, पण मनाई तर खरीच आहे, आणि ईटच्या शिव्या मला अजून कळत नाहीत.

अक्काला नागपंचमीला नक्की धाडा. चिंचेला झोका बांधलाय. (फादरना सांगितलंय, दोर वाळत घातलाय.) तारामती म्हणते, आत्याला पहिला झोका मीच देणार.