सतरा नंबरचा भांग

१२ जानेवारी

वेणीबाईची जिरली! एकदाची!

दुपारी माझी धाकटी जाऊ वरच्या मजल्यावरून खाली आली, माझ्या खोलीचं दार आतून लावलं आणि मूठ उघडली. मुठीत केसांचा हा एवढा गोळा. 'ताई, रोज एवढे जातात.' डोळ्यांत पाणी. मी पाठीवरून हात फिरवला, अगं अगं केलं. मनात मात्र उकळ्या फुटत होत्या.

वीस वर्षं त्या वेणीचं कौतुक ऐकतेय. ती या घरात यायच्या आधीच सासूबाई गावभर सांगत सुटल्या होत्या — धाकटीची वेणी कमरेखाली! आणि मग माझ्याकडे बघून, 'थोरलीची आपली शेपटी.' माझा नवरासुद्धा हसला होता. त्या दिवसापासून या वहीत तिचं नाव वेणीबाई.

१३ जानेवारी

तिला मी काम करते त्या दवाखान्यात बोलावलंय. डॉक्टर सध्या बायकांच्या विरळ केसांवर एक औषध तपासतायत. डोक्याला लावायचं, रोज रात्री. निम्म्या बाटल्यांत औषध, निम्म्यांत तसलाच वास असलेलं नुसतं पाणी. कुठल्या बाटलीत काय ते मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. फक्त बाटल्या भरणाऱ्या औषधवाल्याला ठाऊक.

बायका निवडायच्या मी. दर महिन्याला नवी बाटली द्यायची मी. आणि भांगाचा फोटो काढायचा तोही मीच — तीच खुर्ची, तोच दिवा, केस कोरडे, दोन बाजूंना दोन चाप. डॉक्टर या चाचणीतल्या एकाही बाईला भेटत नाहीत. शेवटी नुसते फोटो बघणार, नंबर घातलेले. म्हणतात, 'ओळख झाली की डोळा खोटं बोलतो.' माझ्यावर त्यांचा फार विश्वास.

१६ जानेवारी

वेणीबाई सतरा नंबर.

खुर्चीत बसवलं, दिवा लावला, चाप लावले. वरून बघायला काय मजा! मधोमध पांढरी वाट, आणि दोन्ही बाजूंचे केस असे की मोजायला बसावं. मुद्दाम वेळ लावला. 'हलू नकोस. मान खाली. अजून खाली.' वीस वर्षांत पहिल्यांदा तिची मान माझ्यापुढे एवढी खाली गेली.

तिला दोन-तीन महिन्यांपूर्वी टायफॉइड झाला होता. ते मी कागदावर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तिला घेताच आलं नसतं. तापानंतर गळणाऱ्या बायकांना डॉक्टर एकच सांगतात — काही करू नका, सहा महिने थांबा, आपोआप येतील. मग ती हसत घरी गेली असती. माझ्या खुर्चीत कोण बसलं असतं?

१७ जानेवारी

माझं काय ते इथे लिहायला हरकत नाही. ही वही कुणी वाचत नाही.

माझाही भांग रुंद होतोय. पुढून. वर्षभर झालं. टोकाशी तो काळा तीळ आहे, तो पूर्वी केसांत लपायचा, आता उघडा पडलाय. मागे बाजारचं गंगावन लावते आणि पुढचे केस तिरपे ओढून चाप मारते. घरात कुणाला पत्ता नाही.

चाचणीत दवाखान्यातल्या माणसांना घेत नाहीत. आणि नुसतं दाखवायचं म्हटलं तर डॉक्टरांपुढे डोकं उघडं करायचं? रोज त्यांच्यासमोर दुसऱ्यांची टाळकी हसत दाखवते मी! त्यापेक्षा मेलेलं बरं.

३१ जानेवारी

आज नऊ टाळकी. शाळेतल्या बाई म्हणतात, औषधाने कमाल केली. काडीचा फरक नाही. मी म्हटलं, 'हो, दिसतोय ना!' खूश होऊन गेल्या. बँकवालीला खरंच थोडी लव आलीय, तर ती रडते की काहीच होत नाही. तिला मी काही बोलले नाही.

४ फेब्रुवारी

वेणीबाई रडत आली. बाटली सुरू केल्यापासून दुप्पट गळतात!

मला आधी हसू आलं आणि मग एकदम चमकलं. डॉक्टर सांगतात ना — खरं औषध असलं तर सुरुवातीला उलट जास्तच गळतात. जुने पडतात, मग नवे येतात. म्हणजे तिच्या बाटलीत खरं औषध! इतक्या बायकांत नेमकं हिच्या नशिबात!

चेहरा पाडून बसले. मग म्हटलं, 'थांबव ते. जाणारे केस जातातच. त्याला औषध नाही.'

'खरंच काही उपाय नाही का, ताई?'

'नाही.'

बाटली माझ्या हातात दिली. मी म्हटलं, परत करते, तुझं नाव कमी करून टाकते, तू काळजी करू नकोस. तिने माझे हात धरले. हसावं की काय करावं कळेना.

५ फेब्रुवारी

नाव कमी केलं नाही. कमी केलं तर पुढच्या महिन्याची बाटली बंद. सतरा नंबर चालू राहायला हवा.

दवाखाना रिकामा झाल्यावर स्वतः खुर्चीत बसले. दिवा लावला, चाप लावले, कॅमेऱ्याला वेळ लावली. तिचा जानेवारीतला फोटो पुसला, त्या जागी माझा. डॉक्टर चेहरे बघत नाहीत, फार बरं करतात.

२० मार्च

लावतेय. भांगाजवळ आग होते, खाजतं. म्हणजे लागू पडतंय! शाळेतल्या बाईंना विचारलं, आग होते का? नाही म्हणाल्या. बसा मग पाणी चोळत.

१८ एप्रिल

आज वेणी कापली.

माझीच कल्पना. म्हटलं, वजनाने मुळं ओढली जातात, एवढी लांब ठेवशील तर उरलेले पण जातील. ती दोन दिवस विचार करत होती. आज आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. 'तुम्हीच कापा, ताई. दुसऱ्या कुणाकडून नको.'

कात्री चालेना. विरळ झाली तरी दोरासारखी घट्ट! चार-पाचदा चालवावी लागली. शेवटी हातात आली तेव्हा जड लागली. ती मागे वळली नाही. खांदे तेवढे हलत होते. मला वाटलं होतं मला फार बरं वाटेल. वाटलंही. पण थोडा वेळच.

'टाकून द्या,' म्हणाली. टाकते म्हटलं.

रात्री सासूबाई तिला म्हणाल्या, 'काय गं हे ध्यान!' मी ताटाकडे बघत जेवले. दोन घास जास्तच गेले.

२ मे

टाकली नाही. केसांचे टोप बनवणाऱ्याकडे नेली. त्याने तिचं गंगावन करून दिलं. बाजारच्यापेक्षा शंभर पटीने चांगलं. आरशात पाठमोरी बघितलं — कुणी म्हणणार नाही शेपटी!

वेणीबाईच म्हणाली, 'ताई, तुमचे केस किती छान दिसतायत हल्ली.' मी म्हटलं, 'काळजी घेते ना.'

२३ मे

आग फार होते. कंगवा लावला तरी ओरडावंसं वाटतं. पण भांग कसा गुळगुळीत, चकचकीत झालाय — नवी कातडी येत असणार. सतरा नंबरचा फोटो झकास येतोय. जानेवारीपासूनचे ओळीने लावून बघितले. फरक आहे. नक्की आहे.

१४ जून

एक विचित्र गोष्ट. वेणीबाईच्या कपाळाला लव आलीय. गवतासारखी उभी, सगळीकडून. आरशापुढे उभी राहून ती बोटांनी चाचपते आणि स्वतःशीच हसते.

औषधाविना! तापाने गेलेले असतील, आले. मग फेब्रुवारीतली ती गळती? ती तापाचीच—

नाही. औषधाचीच होती. तीन आठवडे लावलं होतं की तिने. त्याचाच गुण.

११ जुलै

घरात सगळे तिच्या केसांवर बोलतात. भांग पार भरून आलाय. सासूबाई म्हणाल्या, 'कापले ते बरंच झालं, जोर धरलाय.' माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'थोरलीने चांगलं सुचवलं हं.'

मी ताट अर्धवट टाकून उठले.

८ ऑगस्ट

आज निकाल. डॉक्टर मोठ्या पडद्यावर एकेक नंबर बघत होते, मी शेजारी बसून लिहीत होते. बँकवाली, सुधारणा. शाळेतल्या बाई, फरक नाही. मला आपल्या नंबरची घाई झाली होती. मनात ठरवलं होतं, ते म्हणतील, 'वा!' आणि मी काही न दाखवता लिहीन.

सतरा आला. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली, फोटो मोठा केला.

'हे तुम्हाला फोटो काढताना दिसलं नाही?'

मी म्हटलं, काय?

म्हणाले, हे साधं विरळ होणं नाही. मुळं आतून जळतायत. जळली की कातडी अशी चकचकीत होते, छिद्रं बुजतात. जिथे बुजली तिथे केस पुन्हा यायचे नाहीत, काही करा. पहिल्या फोटोवर बोट ठेवलं, इथे अजून छिद्रं दिसतात, तेव्हा धरलं असतं तर बहुतेक सगळं वाचलं असतं.

'आग होत असणार तिला. खाज. कधी बोलली नाही?'

'नाही,' मी म्हटलं.

आपल्या औषधानेच तर असं झालं नाही ना, या काळजीने त्यांनी औषधवाल्याला फोन लावला. फक्त सतराचं सांगा म्हणाले. मी शेजारीच होते, मला ऐकू आलं. सतराला नुसतं पाणी.

पाणी!

म्हणाले, तिला उद्याच बोलवा, गोळ्या ताबडतोब सुरू करायला हव्यात, एकेक आठवडा महत्त्वाचा आहे. मी म्हटलं, ती गावाला गेलीय.

९ ऑगस्ट

रात्रभर डोळा लागला नाही. सांगितलं तर नोकरी जाईल आणि घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. नाही सांगितलं तर डोकं जाईल. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाईन. लांबच्या. पुढच्या आठवड्यात. आता नुसतं वाऱ्याने सुद्धा आग होते, आणि एवढे दिवस मी त्या आगीला हसत होते, मूर्ख!

१२ ऑगस्ट

डॉक्टर सारखं विचारतात, आली का सतरा? मी म्हणते, फोन लागत नाही. आज त्यांनी माझ्याकडून तिचा नंबर मागून घेतला. द्यावा लागला.

१३ ऑगस्ट

ती आली. डॉक्टरांनीच बोलावली होती.

माझ्याच खुर्चीत बसवली. तिचे दाट केस बाजूला करून ते बराच वेळ शोधत राहिले. सगळीकडे ठणठणीत. फोटोंची अदलाबदल झाली कुठेतरी, म्हणाले, आणि पडद्यावरचा भांग तिला दाखवला. 'ही बाई कोण असेल? ओळखता? ती सापडायला हवी.'

तिने तीळ बघितला. माझा हात मोडला होता तेव्हा दोन महिने तीच माझे केस विंचरत होती. रोज त्या तिळाला बोट लावून म्हणायची, 'ताई, हा तुमच्या नशिबाचा.' तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. नीट, सावकाश.

'नाही हो, डॉक्टर,' म्हणाली. 'मी नाही ओळखत हिला.'

जाताना मला बाहेर बोलावलं. माझं गंगावन एका बाजूला सरकलं होतं. तिने ते दोन्ही हातांनी धरून नीट बसवलं, वरपासून टोकापर्यंत बोटं फिरवली, जशी पूर्वी स्वतःच्या वेणीवरून फिरवायची. टोकाशी बोटं थांबली.

'जाणारे केस जातातच, ताई,' ती म्हणाली. 'त्याला औषध नाही.'